बिलात ‘नवीन मोटर’, गाडीत जुनी

प्रश्न थोडक्यात असा : इंग्लंडमध्ये रेडिंगला राहणाऱ्या एका वाचकभगिनींकडे १९९२ सालची माझदा एमएक्स-५ आहे. बॉनेटमध्ये दडून राहणारे तिचे दोन्ही हेडलाइट अधूनमधून एकदमच अडून राहू लागले, वर येईनासे झाले. गॅरेजने दोन्ही मोटर खराब झाल्याचे सांगून त्या बदलल्या आणि ६२० पौंडांचे बिल दिले. त्यात प्रत्येकी १९० पौंडांच्या ‘दोन नवीन मोटर’ अशी नोंद आहे. सोळाव्या दिवशी तिन्हीसांजेला दिवे पुन्हा अडले. दुसऱ्या मेकॅनिकला मोटरच्या आवरणावर पिवळ्या रंगाने घातलेला क्रमांक आणि बसवायच्या पट्टीखाली जुना गंज दिसला. शिवाय रिलेचे (मोटरींना वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचचे) पॉइंट जळालेले निघाले. पहिल्या गॅरेजचे म्हणणे असे, की गाडी जुनी आहे, विजेच्या भागांवर ते हमी देत नाहीत आणि तशी पाटी त्यांच्या भिंतीवर आहे.

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र, बिल आणि फोटो मी लक्षपूर्वक पाहिले. सर्वांत आधी दिवस मोजावेत. गाडी हाती येऊन आज २२ दिवस झाले आहेत आणि २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टनुसार, सांगितल्याप्रमाणे नसलेली वस्तू सरळ नाकारून तिचे पूर्ण पैसे परत मागण्याचा ग्राहकाचा अधिकार ३० दिवसांपुरताच असतो. त्यानंतर दुरुस्तीची किंवा बदलून देण्याची मागणी करता येते, परंतु तो लांबचा रस्ता आहे. म्हणून या आठवड्यातच गॅरेजला ईमेलने आणि टपालानेही स्पष्ट शब्दांत कळवावे, की बिलात नवीन म्हणून नोंदलेल्या मोटर वापरलेल्या असल्याने मी त्या नाकारत आहे. ‘मी फार नाराज आहे, काहीतरी करा’ अशा मोघम पत्राने हा अधिकार बजावला जात नाही.

गाडीच्या वयाचा मुद्दा गॅरेजने पुढे केला आहे, तो अर्धाच खरा आहे. वस्तूचा दर्जा समाधानकारक आहे की नाही हे ठरवताना तिची किंमत आणि तिचे वर्णन कायदा विचारात घेतो, त्यामुळे बिलात ‘वापरलेली मोटर’ असे असते तर आपल्याला नव्या मोटरची अपेक्षा धरता आली नसती. मात्र ज्या क्षणी ‘नवीन’ हा शब्द बिलात आला, त्या क्षणी तो कराराचा भाग झाला. असे उघडमीट होणारे दिवे असलेल्या गाड्यांचे मोठ्या कंपन्यांमधले उत्पादन २००४ साली कॉर्व्हेट आणि लोटस एस्प्री यांच्याबरोबर थांबले, तेव्हा कोरी मोटर मिळणे सोपे नसावे आणि ‘नवीन’ म्हणजे गॅरेजच्या मनात कदाचित आतले ब्रश (वीज पोहोचवणारे झिजते तुकडे) बदलून, ग्रीस भरून तयार केलेली जुनी मोटर असेल. तसे असेल तर त्यांनी तसे लिहायला हवे होते. या मोटर कोठून आणल्या, त्याची खरेदीपावती मागावी. पट्टीखालचा गंज तीन आठवड्यांत चढत नाही, त्यामुळे तो फोटो हा आपला सर्वांत भक्कम पुरावा आहे. मूळ फाइल तारखेसह जपून ठेवावी.

भिंतीवरच्या पाटीची चिंता करू नये. वर्णनाप्रमाणे वस्तू देण्याची आणि वाजवी काळजी व कौशल्याने काम करण्याची जबाबदारी अशा पाटीने टाळता येत नाही.

दुसरी तक्रार निदानाविषयी आहे आणि ती वेगळी मांडावी. आपल्या गाडीत प्रत्येक दिव्याला स्वतःची मोटर आहे. दोन स्वतंत्र मोटर नेमक्या एकाच वेळी रुसतात आणि एकाच वेळी चालू होतात, तेव्हा संशय आधी दोघींना सामायिक असलेल्या फ्यूज, स्विच आणि रिलेवर जायला हवा. ती साधी तपासणी न करता ६२० पौंडांचे काम काढणे हे वाजवी कौशल्याचे काम नव्हे, असे माझे मत आहे. यासाठी गॅरेजला स्वखर्चाने काम पुन्हा नीट करायला सांगता येते. ते वेळेत झाले नाही, तर मजुरीत कपात मागता येते आणि ती संपूर्ण मजुरीइतकीही असू शकते. दुसऱ्या मेकॅनिकने घेतलेले तपासणीचे पैसे नुकसानभरपाईत धरावेत.

पैसे क्रेडिट कार्डाने दिले हे फार चांगले झाले. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ नुसार, १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत किंमत असलेल्या वस्तूबाबत कार्ड देणारी बँकही गॅरेजइतकीच जबाबदार असते. बिल आणि कार्डखाते दोन्ही आपल्याच नावावर आहेत ना, हे मात्र पाहावे. खाते यजमानांचे आणि आपल्याकडे पुरवणी कार्ड असेल, तर बँक याच मुद्द्यावर दावा नाकारू शकते.

पत्राला उत्तर देण्यासाठी १४ दिवस द्यावेत. त्यानंतर दावा लावायचा झाल्यास तो १०,००० पौंडांच्या आत असल्याने स्मॉल क्लेम्सकडे (न्यायालयाच्या लहान दाव्यांच्या विभागाकडे) जाईल आणि तेथे सुनावणीआधी फोनवर विनामूल्य मध्यस्थी होईल. मेकॅनिकचा तज्ज्ञ म्हणून अहवाल न्यायालयाच्या परवानगीशिवाय मांडता येत नाही. तरीही त्याने काय पाहिले, ते सहीनिशी लिहून घ्यावे.

तोवर अंधारात दिव्यांवर भरवसा ठेवून गाडी काढू नये. गाडी काढणे भागच असेल, तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे आधी त्या मोटरींचा फ्यूज काढून, रबरी टोपीखालची घुंडी हाताने फिरवून दोन्ही दिवे वर करून ठेवावेत आणि ते लागतात याची खात्री करूनच निघावे.

शेवटची बाब आपल्या पत्रात नाही, पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. दोष रिलेत होता, तर गॅरेजने काढून घेतलेल्या आपल्या मूळ मोटर बहुधा धडधाकट होत्या, आणि त्या आपल्या मालकीच्या आहेत. त्या टाकून द्यायला आपण परवानगी दिली नव्हती. म्हणून पत्रात एक स्वतंत्र परिच्छेद घालावा : ‘माझ्या गाडीतून काढलेल्या दोन्ही मोटर ७ दिवसांत मला परत कराव्यात, त्या आपल्याकडे नसतील, तर त्यांचे काय केले ते लेखी कळवावे आणि त्यांची किंमत द्यावी.’