काळ्या मातीवर पॅनेलच्या गॅरेजचा बेस: आधी मुरूम, मग काँक्रीट

लातूरजवळ काळ्या मातीच्या प्लॉटवर पॅनेलचं गॅरेज उभं करायचंय, त्याचा बेस कसा करावा, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या कंत्राटदाराचा बेत असा दिसतो: वरची गवताची माती खरवडायची, सहा इंच वाळू पसरायची, त्यावर चार इंच पीसीसी (सळई नसलेलं साधं काँक्रीट) ओतायचं आणि पंधरा दिवसांनी कंपनीची माणसं येऊन १२ बाय २० फुटांचं पॅनेलचं गॅरेज बोल्टवर उभं करतील. फूटभर खाली कडक मुरूम लागतो अशा जागी हे चालून गेलं असतं. तुमच्या शेताला लागून असलेल्या प्लॉटवर मी हे करू देणार नाही, आणि माझा सगळ्यात मोठा आक्षेप त्या वाळूवर आहे.

गाडीच्या वजनाची काळजी सोडा. दीड टनाची गाडी चार चाकांवर उभी, म्हणजे एका चाकाखाली चारशे किलोच्या आत. तेवढं चार इंची कोबाही झेलतो. त्रास खालून येतो. बेसाल्ट कुजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी शोषून फुगतं आणि वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. स्लॅबच्या मधल्या भागाखालचा ओलावा अडकून राहतो, कडेखालची माती मात्र दर पावसाळ्यात वर येते आणि दर उन्हाळ्यात खाली जाते. साध्या पत्र्याच्या शेडला याचं फारसं काही वाटत नाही. पॅनेलच्या गॅरेजमध्ये प्रत्येक पॅनेल शेजारच्याला बोल्टने जखडलेलं असतं, त्यामुळे एक कोपरा अर्धा इंच उचलला तरी सांधे उघडतात आणि शटर अडकायला लागतं. स्लॅब चारऐवजी आठ इंच केलात तरी ही माती त्याला जुमानत नाही. पैसे खाली घाला.

वाळू का नको? वाळूच्या थरात पावसाचं पाणी शिरतं आणि तिथेच साठतं, कारण खालची काळी माती ते पुढे जाऊ देत नाही. मग ती माती महिनोन् महिने पाणी पीत बसते. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर बरंच काम केलं. त्यांचा उपाय होता तो न फुगणाऱ्या पण अंगात थोडा चिकटपणा असलेल्या मुरमाचा दाबून बसवलेला थर. कालव्यांच्या कामात तो वापरला गेला. चिकटपणा महत्त्वाचा, आणि वाळूत नेमका तोच नसतो. डबर सोलिंगबद्दल, म्हणजे मोठे दगड रचून केलेल्या थराबद्दल, माझं मत असंच आहे. दगडांच्या फटी रिकाम्या राहिल्या तर त्यात पाणी भरतं आणि खालून काळी मातीही वर सरकते. घालायचंच असेल तर फटी मुरमाने गच्च भरून घ्या. मी घालत नाही.

आता करायचं काय? आधी कोपऱ्यात पाच फुटांचा चाचणी खड्डा घ्या. तीन फुटांच्या आत मुरूम लागला तर सगळी काळी माती काढून टाका आणि निवांत व्हा. नाही लागला तर निदान अडीच ते तीन फूट काढा, तेही स्लॅबच्या चारही बाजूंना दीड-दोन फूट जास्त. काढलेली माती शेतात जाईल, तिचं सोनंच आहे.

भरायला येणारा मुरूम मात्र तपासा. आमच्याकडे ट्रॅक्टरवाले मुरूम म्हणून जे आणतात त्यात कधी कधी निम्मी पांढरी किंवा काळी मातीच असते. घरच्या घरी चाचणी होते. नमुना वाळवून कुटा, बारीक चाळणीने चाळा, आणि सारख्या मापाचे दोन चमचे दोन सारख्या उभ्या काचेच्या नळ्यांत किंवा अरुंद बाटल्यांत घाला. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. ढवळून हवा जाऊ द्या आणि २४ तास ठेवून दोन्हीकडच्या गाळाची उंची मोजा. प्रयोगशाळेत हीच फ्री स्वेल चाचणी म्हणून करतात, फक्त मोजमाप काटेकोर असतं. पाण्यातली उंची रॉकेलपेक्षा निम्म्याने वाढली तर तो माल परत पाठवण्याजोगा. चांगला मुरूम जवळपास फुगतच नाही. शंका असेल तर स्वतःच्या खड्ड्यातली मातीही शेजारी ठेवून बघा, डोळ्यांना फरक कळेल.

मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात टाका. प्रत्येक थरावर पाणी शिंपडा, पण चिखल होऊ देऊ नका. मग प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने आणून दाबा. धुम्मसने एवढी जागा नीट होत नाही, गडी दमतात आणि शेवटचे थर नुसते थोपटले जातात. बुटाची टाच जोरात मारून खूण उमटली तर पुन्हा दाबायचं. हे काम मे महिन्यात काढू नका. जमीन भेगाळून कोरडी ठक्क असते तेव्हा स्लॅब टाकला की पहिल्याच पावसात ती सगळ्यात जास्त फुगते. दिवाळीनंतर जमिनीत मधला ओलावा असतो आणि क्युरिंगही (काँक्रीट ओलं ठेवणं) सोपं जातं.

स्लॅब १३ बाय २१ फूट धरा, जाडी पाच इंच. कडेने चारही बाजूंना नऊ इंच रुंद आणि वरपासून एक फूट खोल अशी बीम त्याच ओतकामात, चार १० एमएमच्या सळया आणि रिंगा घालून. म्हणजे परातीसारखा एकजीव तुकडा होतो आणि हलला तरी सगळा मिळून हलतो. म्हणूनच मध्ये जॉइंट कापू नका. ८ एमएमची जाळी दोन्ही दिशांनी आठ इंचांवर. ती स्लॅबच्या वरच्या तिसऱ्या भागात हवी, कारण कडा खाली गेल्या की ताण वरच्या अंगाला येतो. जाळी जमिनीवर अंथरून ‘ओतताना उचलून घेऊ’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, कुणी उचलत नाही. सळईच्या खुर्च्या करून घ्या. मुरमावर आधी २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरा, सांध्याला फूटभर एकावर एक.

लेव्हलचा प्रश्न इथे बहुतेक जण चुकवतात. पॅनेलची भोकं जुळायला तळ समपातळीत हवा, आणि गाडीच्या टायरसोबत आलेलं पाणी निघायला फरशीला उतार हवा. दोन्ही एकाच पृष्ठभागात मिळत नाही. म्हणून पॅनेलखाली आठ इंच रुंद काँक्रीटची पट्टी वर उचला. तिचा माथा पाण्याच्या नळीने तंतोतंत समपातळीत, आणि आतली फरशी शटरकडे २० फुटांत दोन इंच उतरती. समोर पट्टी चार इंच दिसेल, मागे दोन. शटरच्या तोंडाशी पट्टी नाही. पट्टीसाठी स्लॅबमधून सळयांचे तुकडे उभे सोडा. तिची बाहेरची कड पॅनेलच्या बाहेरच्या अंगाशी जुळवा आणि बाहेर उरलेल्या स्लॅबला बाहेरच्या बाजूला उतार द्या. सपाट कड बाहेर राहिली की छपराचं पाणी तिथे पडून पॅनेलखालून आत येतं, ही तक्रार कायमची. गुण्या (कोपऱ्यांचा काटकोन) तपासायला १२ बाय २० चे दोन्ही कर्ण मोजा, साधारण २३ फूट ४ इंच यायला हवेत आणि दोन्ही सारखे.

काँक्रीट एम२०, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी १:१.५:३. पट्टीसकट सिमेंट ३६ गोण्या, क्रश सँड पाऊण ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), खडी दीड ब्रास मागवा, सळई पावणेदोनशे किलोच्या आसपास. मिक्सर आणि व्हायब्रेटर लावा. गोणीमागे पाणी २५ लिटरच्या वर जाऊ देऊ नका. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पातळ केलं की मिस्त्रीला पसरवायला बरं, तुम्हाला नाही. बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंटच येईल, त्याला क्युरिंग किमान दहा दिवस लागतं, चौदा दिवस केलं तर उत्तम. वाफे करून पाणी साठवा, पट्टीवर ओलं गोणपाट. कंपनीच्या माणसांना तीन आठवड्यांच्या आत ड्रिल मारू देऊ नका, आणि पट्टीत एक्स्पान्शन बोल्टऐवजी केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट) मागा. एक्स्पान्शन बोल्ट कडेजवळ काँक्रीट फोडतो. अँकर पट्टीतून खालच्या स्लॅबपर्यंत जायला हवेत. वळिवाच्या वाऱ्यात हलकं गॅरेज धरून ठेवायला खालचं दहा टन वजनच कामी येतं.

गॅरेज घराच्या भिंतीला खेटून घेणार असाल तर स्लॅब घराच्या प्लिंथला (जोत्याला) जोडू नका. मध्ये अर्धा इंच थर्माकोल ठेवून वर सीलंट. घराचा पाया खोल आहे, तो हलणार नाही, हा हलेल. भोवती तीन फुटांचा बाहेर उतरता पट्टा, छपराला पन्हळ, आणि पन्हळीचं पाणी नळीने दूर. बाग किंवा ठिबक या पट्ट्याच्या बाहेर. कडुनिंबासारखं झाड झाडाच्या उंचीइतकं तरी लांब असावं, त्याची मुळं एका बाजूची माती कोरडी करतात.

काळी माती आठ-दहा फूट खोल निघाली तर घरासाठी लोक अंडररीम पाइल (तळाशी फुगीर केलेले खोल काँक्रीटचे खांब) घेतात. रुरकीच्या सीबीआरआय या इमारत संशोधन संस्थेने ते याच मातीसाठी विकसित केले. गॅरेजसाठी तो खर्च मला पटत नाही. तिथे मी पॅनेलखाली फक्त कडेची बीम आणि आत पेव्हर ब्लॉक सुचवेन. उचलले तर काढून पुन्हा बसवता येतात. तेव्हा आधी खड्डा घ्या, मुरूम किती फुटांवर लागला आणि रॉकेलच्या चाचणीत काय दिसलं ते इथे लिहा. तोवर कंत्राटदाराला वाळूचा ॲडव्हान्स देऊ नका.