237 च्या पीकबद्दल जरा सविस्तर

अगं, तुझा मास स्पेक्ट्रम (आयनांचं वजन भागिले चार्ज दाखवणारा आलेख, 237 हा त्यातलाच एक उंचवटा, म्हणजे पीक) काल रात्रीच उघडून बघितला. फोनवर सांगण्यापेक्षा लिहूनच पाठवते, मशीनसमोर बसलीस की परत लागेल.

एका कॉपरला दोन बायपिरिडीन धरलेला 375 चा आयन ट्रॅपमध्ये (आयन धरून ठेवणाऱ्या भागात) पकडलास, टक्कर देऊन फोडलास, 219 आला, म्हणजे 156 चं एक बायपिरिडीन सुटून गेलं, इथपर्यंत एकदम बरोबर. आणि सॉल्ट कॉपर टू चं (चार्ज दोन) होतं तरी आयन कॉपर वन चा (चार्ज एक) कसा, हे विचारलंयस ना, इलेक्ट्रोस्प्रेमध्ये, म्हणजे द्रावणाचा फवारा उडवून आयन बनवणाऱ्या सोर्समध्ये, कॉपर असं रिड्यूस होतं, म्हणजे एक इलेक्ट्रॉन घेतं, त्याचं टेन्शन घेऊ नकोस.

पण 237 समोर तू "नवीन पाथवे" (आयन फुटायची नवी वाट) लिहिलंयस तिथे मी थांबले. 375 मधून 138 चा तुकडा निघेल असं त्या रेणूत आहे काय? 219 मध्ये 18 मिळवून बघ. पाणी आहे ते! लिगंड (कॉपरला धरलेलं बायपिरिडीन) गेला की कॉपरच्या बाजूची जागा रिकामी होते, आणि व्हॅक्यूम कितीही चांगला असला तरी ट्रॅपमध्ये पाण्याची थोडी वाफ राहतेच, ती लगेच येऊन चिकटते. अॅसिटोनायट्राइल (41 वजनाचं सॉल्व्हंट) असेल तर 260 ला पण दिसेल. मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी अशाच एका पीकसाठी तीन आठवडे स्ट्रक्चर्स काढत बसले होते, मला हे कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून तुला इतकं सांगतेय.

पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, करून बघ. 219 परत एकटा पकड, कोलिजन एनर्जी (फोडायला दिलेली टक्करीची ऊर्जा) शून्य ठेव आणि नुसतं थांब, आधी 10 मिलिसेकंद, मग 100, मग 500. काही न फोडता 237 वाढत गेला तर तो बाहेरून आलेल्या पाण्याचाच.

दुसरं, 375 च्या जोडीला 377 पण वेगळा फोड. कॉपरचे 63 आणि 65 असे दोन वजनांचे अणू (आयसोटोप) साधारण 69 ला 31 असे असतात, 377 मध्ये 65 वाला असतो, म्हणजे 377 पुरेसा मोठा मिळेल. ज्या तुकड्यात कॉपर आहे तो दोनने सरकेल, 219 चा 221, 237 चा 239, आणि जो जागचा हलला नाही त्यात कॉपर नाही. इतका स्वस्त आणि इतका पक्का पुरावा दुसरा नाही गं.

रुथेनियमशी तुलना करायचीय म्हणालीस, ती ट्रिपल क्वाडवर (आयन वायूवर आपटून फोडणारं दुसरं मशीन) कर, पण नुसते व्होल्ट शेजारी शेजारी ठेवू नकोस. तीन बायपिरिडीनवाल्या रुथेनियमचं वजन 570 आणि चार्ज दोन, म्हणून 285 ला दिसतो, आणि 20 व्होल्ट लावले की त्याला 40 इलेक्ट्रॉन व्होल्ट मिळतात. आर्गॉनशी टक्कर धरली तर त्यातले जास्तीत जास्त 2.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट कामाला येतात, तुझ्या कॉपरला त्याच 20 व्होल्टला 1.9. शिवाय मोठा आयन ती एनर्जी जास्त बॉन्ड्समध्ये वाटून टाकतो, तो उशिरा फुटला म्हणून बॉन्ड मजबूत असं लगेच लिहायचं नाही.

आणि सॅम्पलमध्ये सवयीने फॉर्मिक अॅसिड टाकू नकोस प्लीज. बायपिरिडीन प्रोटॉन घेऊन 157 ला जाऊन बसतं आणि कॉम्प्लेक्स सोर्सच्या आधीच, बाटलीतच सुटलेलं असतं. साधं मेथॅनॉल, 5 मायक्रोमोलर, बास.

मंगळवारी स्लॉट आहे ना तुझा, 377 ची फाइल झाली की लगेच टाक, मी जागीच असेन.