बफरात राहून गेलेले बाइट

प्रिय मित्रा,

आपल्या प्रॉक्सीतून (दोन टोकांमध्ये मध्यस्थी करणाऱ्या प्रोग्राममधून) मेल सर्व्हरशी केलेली जोडणी कधी कधी अडकते, त्यावरचा तुझा पॅच (कोडमधला बदल) काल रात्री दोनदा वाचला. बफर (वाचलेले बाइट तात्पुरते ठेवायची जागा) ४,०९६ वरून ६५,५३६ बाइटांवर नेल्यावर आणि चाचणीतल्या नकली प्रॉक्सीला ‘२००’ (जोडणी झाली) हे उत्तर पाठवल्यानंतर ५० मिलिसेकंद थांबायला लावल्यावर सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या, हे खरे आहे. तरीही मी तो सामील करून घेतलेला नाही, कारण त्यात दोष गेलेला नाही, फक्त दिसेनासा झाला आहे.

नेमके काय घडते ते पाहा. आपली प्रॉक्सी वरच्या प्रॉक्सीला ‘कनेक्ट’ (पुढच्या सर्व्हरशी जोडून दे) ही विनंती पाठवते आणि उत्तर वाचण्यासाठी सॉकेटवर (जोडणीच्या आपल्याकडच्या टोकावर) बफर असलेला रीडर बसवते. उत्तराचा मजकूर शेवटच्या रिकाम्या ओळीसह अवघा ३९ बाइटांचा असतो. पण टीसीपी (नेटवर्कवर डेटा पोचवण्याचा प्रोटोकॉल) हा बाइटांचा अखंड प्रवाह आहे, त्याला संदेशांच्या सीमा ठाऊक नसतात. पलीकडे मेल सर्व्हर असेल, तर त्याची ‘२२०’ ही स्वागताची ओळ त्या ३९ बाइटांच्या पाठोपाठ येऊन त्याच वाचनात उचलली जाऊ शकते. पुढे आपण तो रीडर टाकून देतो आणि थेट सॉकेटवरून कॉपी सुरू करतो, त्यामुळे ती ओळ कायमची हरवते. एसएमटीपीत (मेल पाठवण्याच्या प्रोटोकॉलमध्ये) आधी सर्व्हरने बोलायचे असल्याने क्लायंट मुकाट्याने वाट पाहत राहतो, आणि प्रमाणग्रंथाने सुचवलेली ही मुदत ५ मिनिटांची आहे! बफर मोठा केलास की तो उलट अधिक गिळू शकतो.

टीएलएसमध्ये (सांकेतिक, सुरक्षित जोडणीत) हा दोष सहसा दिसत नाही, कारण तिथे क्लायंट बोलल्याशिवाय सर्व्हर बोलत नाही. गो या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रमाण एचटीटीपी लायब्ररीतही अशा ठिकाणी रीडर टाकून दिलेला आहे, पण तसे का चालते हे शेजारच्या टिपेत लिहून ठेवले आहे. आपण बहुधा कृती उचलली आणि टीप मागे ठेवली. (हा कोड माझाच आहे, तेव्हा लाजायचे कारण मला आहे, तुला नाही.)

दुरुस्ती छोटी आहे. उत्तर वाचून झाल्यावर रीडरमध्ये किती बाइट शिल्लक आहेत ते विचार. शून्य असतील तर मूळ कनेक्शन जसेच्या तसे परत कर. काही असतील तर आधी ते शिल्लक बाइट आणि मग सॉकेट वाचणारे वेष्टण दे. सरसकट वेष्टण घालू नकोस: लिनक्सवर दोन टीसीपी सॉकेटांमधली कॉपी कर्नेलमधल्या कर्नेलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच) उरकते, ती सवलत मग नाहक जाईल. शिवाय वेष्टणातून फक्त लिहिण्याची बाजू बंद करण्याची सोय आवर्जून पुढे दे. ती राहिली, तर एका बाजूचे बोलणे संपल्याचे दुसरीला कळणार नाही आणि एक गोंधळ मिटवून आपण दुसरा ओढवून घेऊ.

चाचणीतली ५० मिलिसेकंदांची विश्रांती काढून टाक. नकली प्रॉक्सीने ‘२००’ आणि ‘२२०’ या दोन्ही ओळी एकाच राइटमध्ये (एकाच वेळच्या लिहिण्यात) पाठवाव्यात, म्हणजे आजच्या कोडवर चाचणी नशिबावर न राहता जवळपास दर वेळी पडेल (नापास होईल). पहिल्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) फक्त ही पडणारी चाचणी असू दे आणि दुसऱ्यात दुरुस्ती. दोन्ही आल्या की त्याच दिवशी पाहतो.