डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला आलेल्या मुलीला प्रगती शिष्यवृत्ती मिळते का?

हो, तिला अर्ज करता येतो. एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, प्रगती योजनेत थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलीही बसतात: वर्षाला ५०,००० रुपये, तीन वर्षं. कॉलेज एआयसीटीई-मान्य हवं, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, आणि एका घरातल्या दोनच मुलींना लाभ मिळतो. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचा. मी कॉलेजात हेच अर्ज तपासते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सगळे आणतात, पण बँक खातं आधारशी जोडायचं राहून जातं, आणि पैसे येतात ते थेट त्याच खात्यात. ते आजच बघा. मात्र निवड गुणवत्तेवर होते, त्यामुळे फीची दुसरी तजवीज ठेवाच. दरवर्षी नूतनीकरणही करावं लागतं.