‘अर्जंट इलेव्हन’ हे दोष नेमके काय होते? आमचा कंट्रोलर (यंत्रे चालवणारे नियंत्रक उपकरण) व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालत नाही, असे पुरवठादार सांगतो. मग काळजीचे कारण नाही ना?

पुरवठादाराच्या एवढ्या उत्तरावर आपण निर्धास्त होऊ नये, असे मी सुचवेन. हे दोष व्हीएक्सवर्क्सच्या गाभ्यात नव्हते, तर त्यातील आयपीनेट या टीसीपी/आयपी स्टॅकमध्ये, म्हणजे नेटवर्कवरील संवाद सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होते. तो मुळात इंटरपीक या स्वीडिश कंपनीचा. व्हीएक्सवर्क्स बनवणाऱ्या विंड रिव्हरने ती कंपनी २००६ मध्ये विकत घेतली, परंतु त्यापूर्वीच आयपीनेट इतर रिअल-टाइम (ठरल्या वेळेत काम करणाऱ्या) ऑपरेटिंग सिस्टीमच्या निर्मात्यांकडेही परवान्याने गेले होते. म्हणूनच जुलै २०१९ मध्ये आर्मिस या सुरक्षा कंपनीने ११ दोष जाहीर केले तेव्हा नाव व्हीएक्सवर्क्सचे गाजले, तरी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध व उपकरण नियामक संस्थेने वैद्यकीय उपकरणांबाबत दिलेल्या इशाऱ्यात ओएसई, इंटिग्रिटी आणि थ्रेडएक्स या इतर ऑपरेटिंग सिस्टीमच्या काही आवृत्त्यांचाही उल्लेख होता.

या ११ पैकी ६ दोषांमुळे दूरवरून उपकरणावर हवा तो कोड चालवता येत होता, आणि त्या सहांतील ४ टीसीपी हेडरमधल्या (पॅकेटच्या सुरुवातीच्या माहितीतील) ‘अर्जंट पॉइंटर’ या १६ बिटांच्या रकान्याशी निगडित होते. तातडीचा मजकूर कोठे संपतो हे सांगणारा हा रकाना १९८१ च्या मानकापासून आहे, पण आज तो क्वचितच वापरला जातो. त्यावरून किती बाइट वाचायचे हे ठरवताना आयपीनेट एक वजाबाकी करीत असे. रकान्यात मुद्दाम शून्य पाठवले की चिन्हरहित पूर्णांकात उत्तर उणे एक न येता ४२९ कोटींच्या वर जाई, ॲप्लिकेशनने दिलेल्या बफरची (मजकूर साठवण्याच्या जागेची) मर्यादा निरर्थक ठरे आणि आलेला मजकूर पुढच्या मेमरीवर लिहिला जाई. हे सारे पासवर्ड विचारण्याच्याही आधी घडते, त्यामुळे ‘आमचा पासवर्ड भक्कम आहे’ हे उत्तर येथे गैरलागू आहे.

फायरवॉलचा आधारही पुरेसा नाही. उपकरण स्वतःहून बाहेरच्या सर्व्हरशी जोडले जात असेल, तर ती जोडणी मध्येच अडवूनही हल्ला करता येतो. शिवाय सोनिकवॉल या कंपनीचे काही फायरवॉल स्वतःच या दोषांनी बाधित होते.

पुरवठादाराला लेखी विचारावे ते असे: नेटवर्क स्टॅक कोणता, त्याची आवृत्ती कोणती आणि दुरुस्त फर्मवेअर (उपकरणातील अंगभूत सॉफ्टवेअर) उपलब्ध आहे का. फर्मवेअर मिळणार नसेल, तर कंट्रोलर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या स्वतंत्र विभागात) ठेवून तेथे फक्त अभियांत्रिकी संगणकाला प्रवेश द्यावा आणि सीमेवर अर्जंट फ्लॅग (अर्जंट पॉइंटर वापरात असल्याची खूण) असलेली तसेच सोर्स रूट पर्याय (पॅकेटचा मार्ग पाठवणाऱ्याने ठरवण्याची सोय) असलेली पॅकेट अडवावीत. टेलनेट आणि आरलॉगिन यांसारखे जुने प्रोटोकॉल हा फ्लॅग खरोखर वापरतात, म्हणून नियम लावण्यापूर्वी काही दिवस वाहतूक नुसती नोंदवून पाहावी. मात्र सीमेवरची ही गाळणी त्याच व्हीलॅनमधून येणारा हल्ला रोखत नाही. उरलेल्या दोन गंभीर दोषांपैकी डीएचसीपीचा (उपकरणांना आयपी पत्ते देणाऱ्या प्रोटोकॉलचा) दोष तर त्याच उपजाळ्यातून (सबनेटमधून) वापरला जातो, तेव्हा त्या व्हीलॅनमध्ये कोणाचाही लॅपटॉप जोडू देऊ नये.