‘इन-सेन्सर कम्प्युटिंग’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे : ‘इन-सेन्सर कम्प्युटिंग’साठी, म्हणजे प्रकाशासारखे काही टिपणाऱ्या संवेदकातच (सेन्सरमध्येच) हिशेबही होण्यासाठी, ‘आंतरसंवेदक गणन’ चालेल का, आणि ‘निअर-सेन्सर’लाही, म्हणजे संवेदकाला अगदी लागून होणाऱ्या हिशेबालाही, तोच शब्द लावावा का?

‘आंतरसंवेदक’ नको. आंतरजातीय, आंतरराष्ट्रीय, आंतरशालेय यांत ‘आंतर’ म्हणजे दोन किंवा अधिकांमधले. वाचणाऱ्याला वाटेल, अनेक संवेदकांची आपसांतली देवाणघेवाण चालली आहे. ‘संवेदकांतर्गत’ व्याकरणात बसतो, पण ‘योजनेअंतर्गत’, ‘कलमांतर्गत’ वाचून वाचून त्याला ‘अमक्याच्या कक्षेत’ असा सरकारी अर्थ चिकटला आहे. मी ‘संवेदकस्थ गणन’ म्हणेन. ग्रामस्थ, मध्यस्थ यांतला ‘स्थ’ ठिकाण नेमके सांगतो, आणि इथे सगळा मुद्दा ठिकाणाचाच आहे.

म्हणूनच ‘निअर-सेन्सर’ला वेगळा शब्द हवा. व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली ‘नेचर’मध्ये एक चिप मांडली. तिच्यात नऊ पिक्सेल, प्रत्येकात टंगस्टन डायसेलेनाइड या अर्धवाहकाचे तीन फोटोडायोड, म्हणजे प्रकाशाचा विद्युतप्रवाह करणारे घटक. प्रत्येक डायोड प्रकाशाला किती प्रतिसाद देईल हे विद्युतदाबाने कमीजास्त करता येते, आणि तो प्रतिसाद हाच न्यूरल नेटवर्कमधला ‘भार’ (वेट), म्हणजे येणाऱ्या आकड्याला ज्याने गुणायचे तो आकडा. प्रकाश पडला की डायोडमधून येणारा प्रवाह म्हणजे आपोआप झालेला गुणाकार. तारा एकत्र जोडल्या की प्रवाहांची बेरीज. आधी चित्र टिपायचे, मग त्यावर हिशेब करायचा, अशा दोन पायऱ्याच नाहीत. समोरच्या चित्राची ओळख सुमारे ५० नॅनोसेकंदांत पटते. हे खरे संवेदकस्थ.

त्याच वर्षी सोनीने जाहीर केलेला आयएमएक्स५०० हा कॅमेऱ्याचा संवेदक वेगळा आहे. त्यात दोन चिप एकावर एक रचलेल्या आहेत : वर पिक्सेल, खाली प्रक्रियक (प्रोसेसर) आणि स्मृती (मेमरी). चित्र वर टिपले जाते, त्याचे आकडे होतात आणि मग खालच्या चिपवर नेटवर्क चालते. पुढे चित्राऐवजी नुसते उत्तर पाठवता येते, म्हणून बातम्यांत यालाही ‘सेन्सरमधली एआय’ म्हणतात. वापरणाऱ्याच्या दृष्टीने ते चुकीचे नाही. पण काटेकोर लिहिताना मी याला ‘संवेदकालगतचे गणन’ म्हणेन. ‘रस्त्यालगत’, ‘भिंतीलगत’ आपण रोज म्हणतोच.

सलग लेखनात मात्र समासाची गरजही नाही. ‘संवेदकातच होणारे गणन’ लिहा, तो एक ‘च’ पुरतो. समास शीर्षकासाठी आणि परिभाषेच्या यादीसाठी ठेवा. ‘न्यूरल नेटवर्क’ तसेच राहू द्या, ते वाचकांच्या सवयीचे झाले आहे.