दहावीच्या ग्रुपवर ती नाहीये

प्रश्न: ताई नमस्कार, आमची दहावीची बॅच २००४ ची, सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातली शाळा. आता व्हॉट्सॲप ग्रुप झालाय, स्नेहमेळाव्याचं चाललंय, जुने फोटो पडतात, छान वाटतं. पण ग्रुपवर पोरंच जास्त, मुली अगदी मोजक्या आणि माझी जिवलग मैत्रीण तर नाहीच. पाचवीपासून आम्ही दोघी एकाच एसटीनं पासवर जायचो, ती खिडकीतून दप्तर टाकून दोघींची जागा धरायची. बारावीनंतर तिचं लग्न झालं, मी नर्सिंग करून पुण्यात आले, मग ड्युट्या, संसार, मुलं. आता तिचा नंबर नाही, सासरचं आडनावही नक्की माहीत नाही. आणि सापडली तरी इतक्या वर्षांनी तिला आवडेल का, बोलायचं तरी काय? – एक वाचक, पुणे

उत्तर: अगं, ती ग्रुपवर नाही म्हणजे तिनं शाळा मागं टाकली असं मुळीच समजू नकोस. हे ग्रुप कसे वाढतात बघ, एकाकडं दहा नंबर असतात, ते दहा जण अजून दहांना ॲड करतात, पोरं बरीचशी गावाच्या आसपासच असतात, आडनाव तेच, चौकात नाहीतर दुकानावर सापडतातच. मुलीचं लग्न झालं की आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत तर ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवीन नाव लिहून घेतात म्हणजे पहिलं नावसुद्धा गेलं. मग फेसबुकवर शाळेतलं नाव टाकून ती कशी सापडणार? शाळेच्या जनरल रजिस्टरमध्येही माहेरचंच नाव. मला हे फार लागतं, अर्धा वर्ग गायब असतो आणि आपण म्हणतो सगळे जमलो.

म्हणून माहेरच्या वाटेनं शोध. तिचा भाऊ, भावजय, शेजारच्या काकू, कुणाकडं तरी नंबर असणारच. गावाकडं जाणं झालं तर यात्रेला किंवा गौरीला जा, तेव्हा माहेरवाशिणी आलेल्या असतात.

आवडेल का म्हणतेस, तर अमेरिकेत पेगी लियू या संशोधक बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरेच प्रयोग केले, २०२२ मध्ये ते छापून आले. आपण अचानक विचारपूस केली तर समोरच्याला किती बरं वाटेल याचा अंदाज आपण कमीच धरतो, आणि जितकं अनपेक्षित तितका समोरच्याला आनंद जास्त, असं त्यात दिसलं. आणि तिथल्याच कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये काढलं होतं की जिवलग मैत्री व्हायला साधारण २०० तास तरी सोबत घालवावे लागतात. तुमची एसटी जाऊन-येऊन तासभर धर, शाळेच्या एका वर्षात तेवढे तास नुसत्या बसमध्येच झाले, आणि तुम्ही तर अशी सहा वर्षं काढलीत! ग्रुपवर रोज गुड मॉर्निंग टाकून ते कुठून येणार गं.

फोन दुपारी जेवणं झाल्यावर कर, सकाळी ती घाईत असेल. सासूनं नाहीतर मिस्टरांनी उचलला तर तुझं माहेरचं नाव आणि शाळेचं नाव सांग, लगेच ओळख पटते. बोलायचं काय याचं टेन्शन घेऊ नको, ती दप्तर टाकून जागा धरायची त्याचंच काढ. तू नर्स म्हटल्यावर ती कदाचित सासूच्या शुगरचं विचारेल, तर नीट सांग, मतलबी झाली असं मनात आणू नको, हक्काचं माणूस वाटलं म्हणून विचारलं. पहिल्याच फोनला फ्लॅटचं, मुलांच्या मार्कांचं नको, आधी तिचं ऐक. ती कमी बोलली तर घरात कोणीतरी बसलं असेल, आठवड्याभरानं परत कर.

आणि मेळाव्याचं ग्रुपवर तूच बोल. पोरं आपल्या सोयीनं तारीख काढतात, तसं नको, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ठेवा म्हणावं, तेव्हा मुली माहेरी असतात, वेगळी परवानगी काढावी लागत नाही. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, येण्याजाण्याचं होऊन जाईल, पण वर्गणी दोन हजार ठेवलीत तर घरी मागताना बऱ्याच जणी मागं सरतील, म्हणून हॉटेल सोडा आणि शाळेच्याच हॉलमध्ये साधं जेवण करा.